आपल्या गावचं नाश्त्याचं हॉटेल: साध्या जागेची गोष्ट आणि तिचा हिशेब



पांढुर्णा आणि सौसर परिसरात 'हॉटेल' म्हटलं की राहायची खोली कोणाच्या मनात येत नाही. हॉटेल म्हणजे समोर भट्टी, तिच्यावर कढई, बाजूला तर्रीचं पातेलं, आत चार-सहा बाकडी, भिंतीवर देवाचा फोटो आणि गल्ल्यावर बसलेला मालक. पाटी असली तर असते, नसली तरी अडत नाही. लोक मालकाच्या आडनावाने, नाहीतर चौकाच्या नावाने ते ओळखतात. पुण्या-मुंबईकडून आलेल्या सुनेला किंवा जावयाला हे एकदा समजावून सांगावं लागतं.

बाहेरगावी नोकरीला गेलेली आपली मुलं सुट्टीत येतात, तेव्हा आई-वडिलांना भेटून झालं की दुसऱ्या सकाळी बहुधा याच हॉटेलात जातात. त्यांच्या मुलांना मात्र बर्गर माहीत असतो, आलुबोंडा माहीत नसतो. हा लेख मुख्यतः त्या मुलांसाठी आणि त्यांना हॉटेलात घेऊन जाणाऱ्या घरच्या मंडळींसाठी आहे. या हॉटेलांचं काम कसं चालतं, तिथे कसं वागायचं, आणि ती टिकली नाहीत तर आपलं नेमकं काय जाईल, हे सगळं एका ठिकाणी असावं म्हणून तो लिहिला आहे. कोणत्याही एका हॉटेलाचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. प्रत्येक घराचं 'आपलं' हॉटेल वेगळं असतं आणि त्यावरून वाद घालणं हाही आपल्याकडचा जुना छंद आहे.

सीमेवरची प्लेट

आपला भाग नागपूरच्या किती जवळचा आहे हे जेवणाखाण्यात सगळ्यांत आधी दिसतं. पांढुर्ण्याहून नागपूर साधारण शंभर किलोमीटर, सौसरहून त्याहूनही जवळ. राजधानी भोपाळ मात्र पांढुर्ण्यापासून त्याच्या दुपटीहून जास्त लांब. नातं तसं दोन्हीकडून आहे. नागपूर शहर वसवणारा गोंड राजा बख्त बुलंद शाह देवगडचा, म्हणजे आजच्या छिंदवाडा जिल्ह्यातला. पुढे भोसल्यांच्या काळात हा सगळा मुलूख नागपूरच्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तोपर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्यासोबत मराठी बोलणारी सौसर-पांढुर्ण्याची पट्टीही राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये या पट्टीचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला.

सीमा नकाशावर बदलली, पण सकाळच्या नाश्त्याने ती फारशी मनावर घेतली नाही. इंदूरकडे पोह्यांवर शेव पडते आणि सोबत जिलबी येते. नागपूरकडे त्याच पोह्यांवर काळ्या चण्यांची लालभडक तर्री पडते. आपण दोन्हींच्या मधले. आपल्याकडे माणूस तर्री-पोहे खाऊन उठताना पावभर जिलबी घरी बांधून नेतो आणि त्यात त्याला काही वेगळं वाटत नाही. पाहुण्याला मात्र इथे मध्य प्रदेश आणि विदर्भ एकाच टेबलावर बसलेले दिसतात.

शब्दांचंही तसंच. इथे बटाटेवड्याला आलुबोंडा म्हणतात. कोथिंबिरीला सांबार म्हणतात, त्यामुळे सांबारवडी मागवली की इडलीसोबतचं सांबार येत नाही, कोथिंबिरीचं सारण भरलेली खमंग वडी येते. पुण्याहून आलेल्या पाहुण्याची यावरून एकदा तरी फसगत होतेच. ती होऊ द्यावी. त्या निमित्ताने शब्द कायमचा लक्षात राहतो.

थोडेच पदार्थ, तेही रोज तेच

अशा हॉटेलात मेनूकार्ड नसतं. पोहे, आलुबोंडा, समोसा, भजे, कचोरी, चहा, फार तर एक-दोन गोड पदार्थ. कुठे अमुक एकाच दिवशी पाटोडीरस्सा, कुठे फक्त पावसाळ्यात मिरचीचे भजे. नव्या माणसाला वाटतं, याला आणखी काही करता येत नसावं. खरं कारण हिशेबाचं आहे.

पदार्थ कमी असले की माल कमी प्रकारचा लागतो, तो रोज संपतो, शिळा उरत नाही. एकच कढई, एकच आच, एकच हात रोज तेच काम करतो, त्यामुळे चव हलत नाही. गिऱ्हाईकाला थांबावं लागत नाही आणि बाकडं लवकर रिकामं होतं. ज्याच्याकडे सहाच बाकडी आहेत, त्याला बाकडं लवकर मोकळं होण्यावरच धंदा चालवायचा असतो.

गंमत अशी की आज जगभर पसरलेल्या बर्गरच्या दुकानांची सुरुवातही याच विचारातून झाली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावी मॅकडोनाल्ड आडनावाच्या दोन भावांचं खाण्याचं ठिकाण होतं. १९४८ मध्ये त्यांनी ते काही काळ बंद ठेवलं, लांबलचक यादी कापून नऊ पदार्थांवर आणली आणि पंधरा सेंटला हॅम्बर्गर विकायला सुरुवात केली. कमी पदार्थ, झटपट हात, ठरलेली चव. पुढे त्याची मोठी कंपनी झाली. १३ ऑक्टोबर १९९६ ला दिल्लीच्या वसंत विहारात तिचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं. भारतात गाय आणि डुकराचं मांस चालणार नाही हे ओळखून त्यांनी बटाट्याची टिकिया पावात घातली. म्हणजे आपल्या नातवंडांना जो बर्गर आवडतो, त्यातला बराचसा आलुबोंड्याचाच भाऊबंद आहे. हे त्यांना सांगून पाहा, खायला बसतील.

मुंबईत हेच काम वडापावाने केलं. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली असं सांगितलं जातं. गिरणीतून सुटलेल्या, गाडी पकडायच्या घाईत असलेल्या माणसाला हातात धरून खाता येईल असं काहीतरी हवं होतं. आपल्याकडे घाई तेवढी नव्हती. शेतकरी बाजाराला आला की निवांत बसून खाणार. म्हणून आपला आलुबोंडा पावात शिरला नाही, प्लेटमध्ये राहिला आणि त्यावर तर्री पडली. एकाच वड्याने दोन गावांत दोन रूपं घेतली, ती तिथल्या माणसाच्या वेळेमुळे.

साध्या जागा स्वतःचे नियमही करतात. अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात 'लुईज लंच' नावाचं एक छोटं, फार जुनं दुकान आहे. तिथे हॅम्बर्गर भाजलेल्या पावाच्या दोन कापांत मिळतो आणि केचप मागितलं तरी देत नाहीत. नेहमीच्या लोकांना ते माहीत असतं, नव्याला सांगितलं जातं. आपल्याकडेही एखादा मालक सॉस ठेवत नाही, एखादा अकरा वाजल्यानंतर पोहे देत नाही, एखाद्याकडे चहा फक्त उभ्यानेच प्यायचा असतो. यात तुसडेपणा नसतो. ज्या पद्धतीने काम जमतं, तीच तो धरून ठेवतो.

तर्रीचं काम कसं चालतं

तर्री हा शब्द रस्स्याच्या 'तरी'तलाच आहे. पुणे-कोल्हापूरकडे मिसळीच्या रश्श्यावर जो तवंग येतो त्याला 'कट' म्हणतात, त्याचीच ही आपल्याकडची बहीण.

काम आदल्या रात्री सुरू होतं. काळे चणे निवडून, धुऊन रात्रभर भिजत घालतात. आठ-दहा तास भिजले की ते फुगतात आणि लवकर शिजतात. पहाटे मीठ घालून उकडतात. ते पाणी फेकत नाहीत, रश्श्याला अर्धी चव त्याचीच असते. दुसरीकडे कांदा, आलं, लसूण, सुकं खोबरं आणि खडा मसाला भाजून वाटला जातो. पातेल्यात तेल हात राखून न घालता सढळ घालावं लागतं. वाटण तेलात परतून तेल सुटू लागलं की आच कमी करून मग तिखट टाकतात. आच मोठी असताना तिखट टाकलं तर ते करपतं, रंग काळपट होतो आणि कडवटपणा येतो.

तिखटाचा लाल रंग आणि त्याचा झणका, दोन्ही पाण्यात विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. म्हणून रंगही वरच्या तेलात येतो आणि तिखटपणाही. पातेल्याच्या वरच्या थरातून पळी भरली की झणझणीत, तळातून ढवळून भरली की सौम्य. 'तर्री वरची टाका' आणि 'खालून द्या' या दोन वाक्यांचा अर्थ एवढाच. तोंड भाजलं तर पाणी पिऊन उपयोग होत नाही, कारण पाणी ते तेल धुऊन नेत नाही. दही, ताक किंवा दूध घेतलं की आराम पडतो. लहान मुलांना नेताना सोबत दही मागवून ठेवावं.

पोह्यांचं गणित वेगळं. भात उकडून, वाळवून, चेपटा केला की पोहे होतात, म्हणजे ते आधीच शिजलेले असतात. त्यांना फक्त पाणी प्यायला द्यायचं असतं. नाश्त्याच्या हॉटेलात जाड पोहे घेतात. पातळ पोह्यांचा तर्रीखाली लगदा होतो. चाळणीत धुऊन, निथळून, झाकून ठेवलेले पोहे हाताने मोकळे होतात. कांदा, हिरवी मिरची आणि शेंगदाण्याच्या फोडणीत ते टाकले की मंद आचेवर गरम राहतात. तर्री वरून पडली तरी दाणा वेगळा राहिला पाहिजे. आपल्याकडचे जाणते लोक हॉटेल पारखताना आधी हेच बघतात.

आलुबोंड्याचं सारण आधीच शिजलेलं असतं, तळायचं असतं ते फक्त बेसनाचं आवरण. तेल पुरेसं तापलं नसेल तर बोंडा तेल पितो, जास्त तापलं तर बाहेरून लाल आणि आतून कच्चं पीठ राहतं. कसबी माणूस पिठाचा एक थेंब टाकून बघतो. थेंब तळाला बसून राहिला तर तेल थंड, लगेच वर येऊन करपला तर फार गरम, हळूच वर आला तर ठीक. यंत्र नसताना केलेली ही मोजणी तीस वर्षं एकाच कढईसमोर उभं राहून येते. पाककृती लिहून घेतली म्हणून हातात उतरत नाही.

नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे कोण

हॉटेलाची वेळ आणि गर्दी गावाच्या धंद्याप्रमाणे बदलते. पहाटे पहिले येतात ते रेल्वेचे आणि मालमोटारींचे लोक. पांढुर्णा हे नागपूर-इटारसी मार्गावरचं स्टेशन, गावाजवळून नागपूर-बैतुल महामार्ग जातो. सौसर नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर. तिथली जुनी छोटी रेल्वे, अडीच फूट रुंदीची, गेली आणि मोठी लाइन आली. मग येतात दुकानं उघडायच्या आधी चहा घेणारे व्यापारी, शाळेत निघालेले गुरुजी, आणि बोरगावकडे कारखान्यात पाळीला जाणारे कामगार. आंबिया बहाराची संत्री निघाली की बागायतदार, दलाल आणि पेट्या भरणारे मजूर. मग कापूस. मंगळवार-शनिवारी जामसावळीच्या हनुमानाला जाणारे भाविक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार असते, तेव्हा तर गावात पाय ठेवायला जागा नसते.

या सगळ्यांत 'नेहमीचा' तो, ज्याला काय हवं हे विचारावं लागत नाही. तो आत आला की हात वर होतो, प्लेट भरायला लागते. त्याची जागा ठरलेली असते. कोणी आजारी पडलं तर दोन दिवसांत हॉटेलात कळतं, कारण त्याचं बाकडं रिकामं दिसतं. कोणाच्या मुलीचं जमतंय, कोणत्या बागेत कोळशी आली, कोणत्या अडत्याने भाव पाडला, रजिस्ट्रीच्या कामाला कोणत्या बाबूला भेटायचं, ही माहिती पेपरात येत नाही, इथे मिळते.

पूर्वी उधारीची वही असायची. कापूस विकला गेला की शेतकरी एकदम हिशेब चुकता करायचा. मालक त्यावर व्याज लावत नसे, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या हॉटेलात जात नसे. २०१६ नंतर यूपीआय आलं आणि आता गल्ल्यावर चौकोनी कोड चिकटवलेला दिसतो. सोय झालीच. पण कोणावर किती दिवस भरवसा ठेवायचा याचा जो अंदाज वहीमागे होता, तो मोबाइलला नाही.

आणि भाषा. आपल्याकडे बरीच मुलं हिंदीतून किंवा इंग्रजीतून शिकतात, कचेरीचा कागद हिंदीत असतो. मराठी उरते ती घरात, देवळात, भजनात, आणि या हॉटेलात. 'बसा न जी', 'काहून उशीर केला आज', 'भाऊ, तर्री अलग द्या' अशी वऱ्हाडी-नागपुरी वळणाची, हिंदीत मिसळलेली मराठी तिथे दिवसभर चालते. ती पुस्तकी नाही आणि कोणी ती दुरुस्तही करत नाही. ज्या मुलाला आजीशी मराठी बोलायला लाज वाटते, तो हॉटेलात दोन प्लेट मागताना सहज मराठी बोलतो, कारण समोरचा तीच बोलतो. मंडळाच्या वर्षभराच्या कार्यक्रमांतून भाषेसाठी जे होतं, त्यातला मोठा वाटा ही बाकडी रोज उचलतात.

पाहुण्याला किंवा मुलांना नेताना

सकाळी आठ ते साडेनऊ ही चांगली वेळ. त्याआधी नेहमीच्यांची घाई असते, नंतर पोहे कोरडे पडू लागतात. चार-पाच जण असाल तर एकच मोठं टेबल अडवून गप्पा मारत बसू नका. खाऊन उठा, हवं तर चहा बाहेर घ्या. पहिल्यांदा येणाऱ्यासाठी तर्री वाटीत वेगळी मागा, मग त्याला झेपेल तेवढी त्याने घालावी. आलुबोंडा आधी साधा खाऊन पाहावा, मग कुस्करून त्यावर तर्री.

मालकाला वयाप्रमाणे काका, दादा किंवा भाऊ म्हणा. टेबल पुसणाऱ्या मुलालाही 'ए' म्हणून हाक मारू नका. त्याचंही नाव असतं, ते विचारा. फोटो काढायचा तर आधी परवानगी घ्या. भट्टीशी काम करणाऱ्याला प्रत्येक वेळी चित्रपटातल्यासारखं दिसायचं नसतं.

हॉटेल चांगलं आहे का हे पाहण्याच्या चार साध्या खुणा आहेत. तेल काळं, फेसाळ आणि धुरकट दिसत असेल तर तळलेलं खाऊ नका. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल बिघडतं. १ जुलै २०१८ पासून आपल्या देशात नियमच आहे की तेलातले बिघडलेले घटक पंचवीस टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही. छापील वर्तमानपत्रात गरम भजे बांधून घेऊ नका, छपाईची शाई तेलाला लागते, आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याविरुद्ध बजावलेलं आहे. पळसाच्या पानांचा द्रोण मिळाला तर उत्तम, सातपुड्याच्या आपल्या भागात पळसाला तोटा नाही. पिण्याचं पाणी झाकलेलं आहे का, आणि भांडी वाहत्या पाण्यात धुतली जातात का, हे पाहा. काही चुकीचं दिसलं तर चारचौघांत ओरडू नका, गल्ल्यावर जाऊन हळू आवाजात सांगा. नेहमीच्या गिऱ्हाईकाचं मालक ऐकतो, कारण ते उद्याही येणार असतं.

बाया-मुली कुठे आहेत?

हे मोकळेपणाने बोललं पाहिजे. आपल्या हॉटेलांवर प्रेम करताना आपण विसरतो की ती वर्षानुवर्षं पुरुषांची बैठक राहिली. घरातल्या बाईच्या वाट्याला आलं ते पार्सल, तेही थंड झालेलं. तर्रीचा मसाला कित्येक ठिकाणी मालकाच्या घरी, त्याची आई किंवा बायको वाटते, पण बाकड्यावर बसून तो खाताना ती दिसत नाही. आता हळूहळू कॉलेजच्या मुली, शिक्षिका, परीक्षेला किंवा कचेरीच्या कामाला आलेल्या बाया आत बसू लागल्या आहेत. ज्या मालकांनी एक कोपरा नीट केला, बाहेर खर्रा खात थांबणाऱ्यांना दूर केलं, त्यांच्याकडे घरची माणसं येऊ लागली. यात धंद्याचाही फायदा आहे. ज्या जागेत अर्ध्या गावाला बसता येत नाही, ती पूर्ण गावाची म्हणता येणार नाही.

हिशेब कुठे अडतो

नाश्त्याच्या हॉटेलाचा नफा प्लेटमागे थोडा आणि संख्येवर असतो. समजा दिवसाला २०० प्लेटा जातात आणि प्लेट २० रुपयांची आहे. गल्ल्यात ४,००० रुपये आले. त्यातून पोहे, चणे, बेसन, तेल, कांदा, गॅस, दोन मदतनिसांची मजुरी, जागेचं भाडं आणि वीज गेली. आता तेल, कांदा आणि गॅस मिळून प्लेटमागे फक्त २ रुपये खर्च वाढला तर दिवसाचे ४०० आणि महिन्याचे १२,००० रुपये गेले. एवढीच कदाचित त्या घराची महिन्याची शिल्लक असते. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, हॉटेलाला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो आणि त्याचा भाव वेगळा चालतो. प्लेट २५ रुपये केली की आपणच म्हणतो, 'काय भाऊ, फार महाग केलं.' तेच आपण महामार्गावरच्या चकचकीत दुकानात दहापट पैसे देऊन निमूट बाहेर पडतो.

दुसरी अडचण माणसांची. पहाटे चारला उठून भट्टीसमोर उभं राहायला मालकाचा मुलगा तयार नसतो, आणि बापही त्याला तसं सांगत नाही. त्याने शिकून नागपूरला, पुण्याला, इंदूरला जावं असंच त्याला वाटतं. त्यात चूक काहीच नाही. आपणही आपल्या मुलांना तेच सांगितलं. पण कढईवरचा तो पिठाचा थेंब ओळखणारा हात मग त्याच्यासोबत संपतो. तिसरी अडचण रस्त्याची. महामार्ग गावाबाहेरून गेला की मालमोटार आत येत नाही, चौकातली जुनी जागा रुंदीकरणात जाते, आणि नवी जागा परवडत नाही.

अशी ठिकाणं टिकवण्याचे मार्ग लोकांनी शोधलेले आहेत. १९५० च्या दशकात कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊस बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि ती स्वतः चालवायला घेतली. पहिली संस्था १९५७ मध्ये बंगळूरला निघाली. जबलपूरच्या संस्थेची इंडियन कॉफी हाऊस आपल्या मध्य प्रदेशात आजही चालतात. प्रत्येक नाश्त्याच्या हॉटेलाला हे लागू होणार नाही. पण मुलगा तयार नसेल तर वीस वर्षं भट्टीवर काम केलेल्या मदतनिसाला भागीदार करणं, हा त्यातून घेण्यासारखा धडा आहे. काही मालकांच्या मनात हे असतं, फक्त कागद कसा करायचा हे कळत नाही.

आपल्या हातात काय आहे

सभासदांनी आणि घरच्या मंडळींनी करण्यासारख्या काही गोष्टी साध्या आहेत.

मंडळाच्या कार्यक्रमाचा नाश्ता बाहेरच्या केटररला सांगण्याआधी गावातल्या हॉटेलाला विचारा, आणि तीन-चार दिवस आधी सांगा, म्हणजे चणे भिजायला आणि माणसं लावायला वेळ मिळतो. भाव वाढला तर कुरकुर न करता द्या. आपल्यातले वकील, सीए, बँकेतले निवृत्त लोक आहेत. त्यांनी मालकांना अन्न सुरक्षा नोंदणी, भागीदारीचा कागद, कर्जाचा अर्ज यांत अर्धा तास मदत केली तरी पुष्कळ. नोंदणी छोट्या खाद्य व्यवसायालाही लागते, पण फॉर्म पाहूनच अनेक जण घाबरतात.

ज्यांच्या घरात जुने फोटो आहेत, कोणत्या चौकात कोणतं हॉटेल कधी सुरू झालं हे सांगणारे आजी-आजोबा आहेत, त्यांनी ते लिहून किंवा मोबाइलवर बोलून ठेवावं. आणि सुट्टीत मुलं आली की त्यांना एकटं पाठवू नका, आजीलाही सोबत न्या. तिला आत, बाकड्यावर, गरम प्लेट समोर घेऊन बसू द्या. मालकाला मराठीत ऑर्डर नातवाला द्यायला लावा. पहिल्यांदा तो अडखळेल, तर्री जास्त पडेल, डोळ्यांत पाणी येईल. दही मागवून ठेवलेलं असेलच.